मोठे गेम प्रकाशक: निर्णय एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला

रानवाट

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टँगो गेमवर्क्स हा जपानी स्टुडिओ बंद करत असल्याचे जाहीर केले. याच स्टुडिओचा 'हाय-फाय रश' जानेवारी २०२३ मध्ये कसलीही आगाऊ जाहिरात न करता थेट विक्रीस आला होता. समीक्षकांनी त्याचे कौतुक केले, खेळाडूंनी तो डोक्यावर घेतला, आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेम विभागात विपणन सांभाळणारे आरन ग्रीनबर्ग यांनी सगळ्या महत्त्वाच्या निकषांवर तो यशस्वी ठरल्याचे स्वतः जाहीरपणे सांगितले. तरीही गेम येऊन दीड वर्ष होण्याआधीच स्टुडिओ बंद करण्याची घोषणा झाली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक्सबॉक्सच्या स्टुडिओंचे प्रमुख मॅट बूटी यांनी कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, आपल्याला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणाऱ्या छोट्या गेमची गरज आहे, असे सांगितल्याच्या बातम्या आल्या. मला राग येतो तो इथे. ज्या प्रकारचा गेम हवा असे वरिष्ठ सांगतात, नेमका तसाच गेम करून दाखवणाऱ्या लोकांना ते आदल्या दिवशी घरी पाठवतात, आणि या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा हे कोणालाही समजावून सांगावेसे त्यांना वाटत नाही.

टँगोसोबतच अर्केन ऑस्टिन हा स्टुडिओही बंद करत असल्याचे जाहीर झाले. एकट्याने, सावकाश, आपल्या बुद्धीने वाट काढत खेळण्याचे गेम ही या स्टुडिओची ख्याती होती. २०१७ चा 'प्रे' ज्यांनी खेळला आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. अशा स्टुडिओकडून 'रेडफॉल' हा चौघांनी मिळून खेळायचा नेमबाजीचा गेम करून घेण्यात आला. ब्लूमबर्गच्या वृत्तानुसार 'प्रे'वर काम केलेले बहुतांश लोक 'रेडफॉल' पूर्ण होण्याआधीच सोडून गेले होते. मे २०२३ मध्ये 'रेडफॉल' आला आणि आपटला. पुढे जे घडले ते फारसे कोणी लक्षात ठेवलेले नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. स्टुडिओ बंद होण्याची घोषणा झाल्यानंतर काही आठवड्यांनी 'रेडफॉल'चा शेवटचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा हप्ता, आला, आणि त्यात इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय होती. एकट्याने खेळताना गेम मध्येच थांबवता येऊ लागला तोही तेव्हाच. नोकरी गेल्याचे कळलेले असतानाही त्या लोकांनी आपला गेम खेळाडूंच्या हाती नीट सोपवूनच निरोप घेतला.

मोठे प्रकाशक, म्हणजे गेमसाठी पैसा लावून ते विकणाऱ्या कंपन्या, पैशांच्या मागे असतात ही तक्रार मला पुरेशी वाटत नाही. पैसा प्रत्येकाला लागतो. माझी तक्रार अशी आहे, की या कंपन्यांत निर्णय घेणाऱ्याला त्या निर्णयाची झळ पोहोचतच नाही. कोणत्या स्टुडिओने कोणता गेम करायचा, तो कोणत्या तिमाहीत विकायचा, त्यात कशाकशाचे वेगळे पैसे लावायचे हे वर ठरते. ते फसले की नोकरी जाते कलाकाराची आणि प्रोग्रामरची, आणि पैसे बुडतात खेळाडूचे.

इतिहास पाहिला तर हे दुखणे जुनेच आहे. १९७९ मध्ये अटारी या गेम कंपनीच्या चार प्रोग्रामरांनी आपल्या कामाचे ना श्रेय मिळते ना योग्य मोबदला, म्हणून कंपनी सोडली आणि अ‍ॅक्टिव्हिजन स्थापन केली. १९८२ मध्ये सुरू झालेली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आपले सुरुवातीचे गेम संगीताच्या अल्बमसारख्या वेष्टनात विकत असे आणि ते घडवणाऱ्यांची नावे ठळकपणे छापत असे. आज ज्यांच्या नावाने खेळाडू बोटे मोडतात, त्या दोन्ही कंपन्यांच्या उभारणीत गेम करणाऱ्याला मान मिळाला पाहिजे हाच विचार होता. तो नेमका कुठे सुटला, यावर इथे सविस्तर बोलावे अशी विनंती आहे.

कळफलक

रानवाट, लेख पटला, पण दुसरी बाजूही मांडली गेली पाहिजे. मोठा गेम करण्याचा खर्च किती वाढला आहे याची कल्पना बहुतेक खेळाडूंना नसते. न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांनुसार 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉर' या २०२० च्या गेमवर त्याच्या संपूर्ण काळात ७० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. आणि विक्रीची किंमत पाहा. कन्सोलवरील मोठ्या गेमची किंमत जवळपास पंधरा वर्षे ६० डॉलरवरच होती आणि २०२० नंतर ती ७० झाली. त्या काळातली महागाई धरली तर गेम प्रत्यक्षात स्वस्तच होत गेला. मग ती तूट कुठून तरी भरून काढावी लागते, आणि सीझन पास (पुढे येणाऱ्या भागांचे आधीच घेतलेले पैसे), पात्रांच्या वेशभूषा, नवे नकाशे यांचे वेगळे पैसे घेण्याची पद्धत त्यातूनच रुजली.

दुसरे असे, की स्वतंत्र स्टुडिओचा एक गेम पडला तर तो स्टुडिओ बुडतो. प्रकाशकाकडे दहा गेम असतात, त्यांतले दोन चालतात आणि उरलेल्यांचा भार उचलतात. हा धोका कोणीतरी पत्करतो म्हणूनच मोठे गेम बनतात. सगळे निर्णय मूर्खपणाचे किंवा लोभाचे असतात असे धरून चालल्यास आपल्याला काहीच समजणार नाही.

रानवाट

कळफलक, खर्चाचे आकडे खरे आहेत, पण गेम एवढा मोठाच करायचा हेही वरच ठरते. दरवर्षी मोठा नकाशा, आणखी तासांचा खेळ आणि आणखी बारीक चित्रण खेळाडूंनी मागितले म्हणून दिले जाते, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. मोठा आकडा जाहिरातीत शोभतो हे त्याचे दुसरे कारण आहे.

'धोका कोणीतरी पत्करतो' या तुमच्या वाक्यावर मात्र मी थांबलो, कारण माझा मूळ आक्षेप तिथेच आहे. सोनीने मार्च २०२६ पर्यंत बारा लाइव्ह सर्व्हिस गेम, म्हणजे सतत नवी भर घालत वर्षानुवर्षे इंटरनेटवर चालवायचे गेम, आणण्याचे ठरवले होते, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो आकडा निम्म्यावर आणला. त्या धोरणातून आलेला 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजी ४० डॉलरला विक्रीस आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. कित्येक वर्षांचे काम दोन आठवड्यांत संपले. सोनीने सर्वांना पूर्ण पैसे परत केले, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण ऑक्टोबरमध्ये तो घडवणारा फायरवॉक स्टुडिओ बंद झाला. एकाच वेळी बारा लाइव्ह सर्व्हिस गेम चालवायला लागणारा वेळ खेळाडूंकडे आहे का, हा प्रश्न फायरवॉकच्या चित्रकाराने विचारायचा नव्हता. तो विचारण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी तो वेळेवर विचारला नाही.

एम्ब्रेसर समूहाचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. या स्वीडिश समूहाने काही वर्षांत डझनावारी स्टुडिओ विकत घेतले. मे २०२३ मध्ये दोन अब्ज डॉलरचा अपेक्षित करार फिसकटला आणि जूनमध्ये 'पुनर्रचना' जाहीर झाली. ऑगस्टमध्ये १९९३ पासून चालत आलेला त्यांचा व्होलिशन हा स्टुडिओ बंद झाला. व्होलिशनचा २०२२ चा 'सेंट्स रो' कमकुवत होता, हे मान्य. पण तीस वर्षांत एखादा गेम कमकुवत निघणारच, आणि स्टुडिओ तेवढ्याने बुडू नये यासाठीच तर तो मोठ्या समूहाचा भाग होतो. तुम्ही म्हणता ते संरक्षण नेमके गरजेच्या वेळी मिळाले नाही. कर्ज काढून खरेदी करणाऱ्याचा अंदाज चुकला आणि फेड स्टुडिओने केली.

अर्धविराम

मी काही वर्षे एका मोठ्या प्रकाशकाच्या कामावर टेस्टर म्हणून होतो. कंपनीचे नाव घेणार नाही, पण निर्णय कसा खाली झिरपतो हे जवळून पाहिले आहे, म्हणून एक प्रसंग लिहितो.

गेममध्ये एका विशिष्ट ठिकाणी सेव्ह करून बाहेर पडले की पुन्हा आत येताना सेव्ह फाइल खराब व्हायची आणि सगळी प्रगती पुसली जायची. हा बग दरवेळी हमखास दाखवता येत होता. आम्ही पायऱ्या लिहिल्या, व्हिडिओ जोडला आणि त्याला सर्वांत वरची श्रेणी दिली. प्रोग्रामरने दुरुस्तीसाठी दहा दिवस मागितले. दोन दिवसांनी पाहतो तर यादीत त्याच बगची श्रेणी बदललेली होती आणि शेरा होता: 'माहीत आहे, प्रकाशनानंतर पाहू.' प्रकाशनाची तारीख हलवता येणार नव्हती, कारण ती भागधारकांना आधीच सांगून झाली होती आणि तिमाही त्या आठवड्यात संपत होती. प्रोग्रामर माझ्या शेजारच्या खोलीत बसायचा. त्या दिवसापासून तो रात्री थांबून स्वतःहून दुरुस्ती करत राहिला, पण तपासणीचा शेवटचा टप्पा उलटून गेला होता, त्यामुळे ती पहिल्या पॅचमध्येच गेली.

गेम आला. पहिल्याच आठवड्यात लोकांच्या प्रगतीचा सत्यानाश झाला आणि प्रतिक्रियांमध्ये डेव्हलपर आळशी आहेत, टेस्टर काही तपासत नाहीत, असे शेकडो शेरे आले. आम्ही उत्तर देऊ शकत नव्हतो, कारण करारानुसार बोलायला बंदी होती. तारीख ठरवणाऱ्याचे नाव कोणत्याही प्रतिक्रियेत नव्हते. पुढच्या प्रकल्पाच्या सुरुवातीला आम्हा कंत्राटी टेस्टरांपैकी बहुतेकांचे करार वाढवले गेले नाहीत.

इथल्या वाचकांना एवढेच सांगायचे आहे, की बग सापडला म्हणजे तो कोणाच्या लक्षात आला नव्हता असे समजू नका. बहुतेक वेळा तो यादीत असतो, तारखेसह असतो, आणि त्यापुढे कोणाची तरी सही असते.

पाणवठा

अर्धविराम, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो इतका मोडका होता, की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ पर्यंत परत घेतला नाही. तेव्हा मीही सगळा दोष प्रोग्रामिंगवर टाकणाऱ्यांशी वाद घातला होता. तो गेम पुढे सुधारला आणि नीट सुधारला, पण त्यासाठी पहिल्या दिवशी पैसे मोजलेल्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

चौथीखिडकी

लूट बॉक्सचा, म्हणजे आत काय आहे हे न सांगता पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या पाकिटांचा, विषय अजून आलेला नाही, म्हणून मी मांडते. कळफलक यांनी तूट भरून काढण्याचा मुद्दा मांडला आहे. पण वेशभूषेचे पैसे घेणे आणि बंद पाकिटात काय निघेल याचे पैसे घेणे यांत मोठा फरक आहे.

इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या फुटबॉलच्या गेममध्ये 'अल्टिमेट टीम' हा स्वतःचा संघ जमवण्याचा भाग आहे; त्यातले फुटबॉलपटूंचे पॅक उघडताना काय होते ते नीट पाहा. आधी अंधार होतो. मग देशाचा झेंडा दिसतो, मग खेळाडूची जागा, मग क्लबचे चिन्ह, आणि सगळ्यांत शेवटी चेहरा. प्रत्येक टप्प्यावर अर्धा क्षण थांबवले जाते, कारण आशा वाढण्याची जागा तीच असते. बहुतेक वेळा हाती येतो तो खेळाडू तुमच्या संघात बसवण्याच्या लायकीचाही नसतो. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती येते आणि पैसे घालून जमवलेला संघ जुन्या आवृत्तीतच राहतो. ही रचना कोणीतरी बसून, मोजून आखलेली आहे.

२०१७ च्या 'स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट २' च्या वेळी खेळाडूंनी एकजुटीने विरोध केला. पूर्ण किमतीचा गेम घेऊनही प्रसिद्ध पात्रे मिळवायला प्रचंड वेळ घालवावा लागत होता किंवा पैशांनी पाकिटे उघडत राहावे लागत होते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर दिलेल्या स्पष्टीकरणाला सहा लाखांहून अधिक नापसंती मिळाली आणि त्याची गिनीजच्या विक्रमांत नोंद झाली. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कंपनीने गेममधील खरेदी बंद केली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही गेममधील लूट बॉक्स तेथील कायद्यानुसार जुगार ठरवले आणि जानेवारी २०१९ अखेर त्या देशात फिफा पॉइंट्सची, म्हणजे त्या फुटबॉलच्या गेममधील पॅक घेण्याच्या आभासी नाण्यांची, विक्री थांबली. म्हणजे कायद्याने सांगितले की हे बंद करता येते, आणि बंद केल्यानंतरही गेम चालू राहतो.

मुलांच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या आयोगाशी झालेल्या तडजोडीत 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सने एकूण ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी २४.५ कोटी ग्राहकांना परत देण्यासाठी होते. बटणांची मांडणी अशी होती की गेम लोड होत असताना किंवा कन्सोल झोपेतून जागा करतानाही चुकून खरेदी व्हायची, आणि बँकेकडे तक्रार करणाऱ्याचे खातेच गोठवले जायचे, असे आयोगाचे म्हणणे होते. घरातल्या लहान मुलाने चुकून बटण दाबले आणि पालकाने बँकेकडे दाद मागितली, तर त्या मुलाने आधी पैसे देऊन घेतलेले सगळेच त्याला बंद होणार. असा नियम लिहिताना कोणीतरी परिणामांचा विचार केलाच असणार, आणि तरीही तो लिहिला गेला.

पाणवठा

आता मला जो विषय सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो त्याकडे येतो: विकत घेतलेला गेम आपला असतो का?

युबिसॉफ्ट या प्रकाशकाचा 'द क्रू' हा गाड्या चालवण्याचा गेम २०१४ मध्ये आला. त्यात अमेरिकेचा लहान केलेला नकाशा एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गाडीने पार करता येत असे. पुष्कळ लोक तो एकट्यानेच खेळत, कारण रात्री उशिरा रस्त्यावरून नुसते जात राहणे हाच त्यातला आनंद होता. मात्र एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेले राहणे सक्तीचे होते. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्या हातातही निरुपयोगी प्लास्टिक उरले. पुढे अनेकांच्या खात्यातून गेमचा परवानाही काढून घेण्यात आला. नंतर युबिसॉफ्टने पुढच्या दोन भागांसाठी ऑफलाइन सोय आणण्याचे जाहीर केले. याचा अर्थ, ठरवले तर अशी सोय करता येते.

याच घटनेतून यूट्यूबवर गेमविषयी व्हिडिओ करणारे रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. तिची मागणी अतिशय साधी आहे. सर्व्हर कायम चालवत बसा असे कोणी म्हणत नाही. आधार काढून घेताना गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडून जा, एवढेच म्हणणे आहे. नागरिकांची मागणी युरोपीय आयोगापुढे नेणाऱ्या 'युरोपीय नागरिक पुढाकार' या अर्जासाठी लागणाऱ्या दहा लाख सह्यांचा टप्पा जुलै २०२५ मध्ये पार झाला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, दुकान केवळ परवाना देत असेल तर ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे लागते. हा कायदा मला अपुरा वाटतो, कारण त्याने गेम वाचत नाही. फक्त तो जाणार आहे हे आधी कळते.

कळफलक

पाणवठा, या मुद्द्यावर मी बऱ्याच अंशी तुमच्या बाजूचा आहे, पण तांत्रिक अडचण खोटी नाही. आजच्या गेमचा सर्व्हर म्हणजे एकच प्रोग्राम नसतो. खाती, सामना जुळवणी, फसवणूक रोखणारी यंत्रणा आणि इतर कंपन्यांकडून परवान्याने घेतलेले भाग असे अनेक तुकडे त्यात गुंतलेले असतात. ते सगळे लोकांच्या हाती देण्याचा अधिकार प्रकाशकाकडे नसतोही. खासगी सर्व्हरवर कोणी बेकायदा मजकूर टाकला तर जबाबदार कोण, हा प्रश्न प्रकाशकांच्या युरोपातील संघटनेने उपस्थित केला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मात्र ज्या गेममध्ये माणूस एकटाच खेळतो, तिथे सक्तीच्या जोडणीचे समर्थन मला करता येत नाही. नव्या गेमचा आराखडा करतानाच शेवटाची तरतूद केली, तर खर्चही फार येणार नाही.

आणि रानवाट, 'कॉनकॉर्ड' आणि व्होलिशनबद्दलचे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. धोका वाटला जातो असे मी म्हणालो होतो. तो समान वाटला जात नाही, हे खरे.

अर्धविराम

निन्टेन्डोचे तेव्हाचे प्रमुख सातोरू इवाता यांचा उल्लेख इथे झालाच पाहिजे. 'वी यू' कन्सोलची विक्री पडली तेव्हा २०१४ मध्ये त्यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. नोकरकपात करा असे सुचवणाऱ्या गुंतवणूकदारांना त्यांनी आधीच सांगितले होते, की नोकरी जाण्याच्या भीतीखाली काम करणारी माणसे जगाला आवडेल असे काही घडवू शकणार नाहीत. ते स्वतः प्रोग्रामर होते, म्हणून हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. निन्टेन्डोच्या इतर धोरणांवर माझे अनेक आक्षेप आहेत, पण अपयशाची झळ प्रमुखाने आधी स्वतःला लावून घेणे शक्य असते, याचा हा पुरावा आहे. याउलट अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्डचे तेव्हाचे प्रमुख बॉबी कॉटिक यांचे २०२० चे एकूण वेतन सुमारे १५ कोटी ४० लाख डॉलर होते. मायक्रोसॉफ्टने ती कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना घेतली, ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये गेम विभागातील १,९०० लोकांना कमी करण्यात आले.

चौथीखिडकी

मग खेळाडूंच्या हातात काय आहे? प्री-ऑर्डर, म्हणजे गेम येण्याआधीच खरेदी, करू नये, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे; पहिल्या आठवड्यात न घेतलेला गेम पुढे पुष्कळदा स्वस्त आणि दुरुस्त मिळतो. सोनीच्या 'हेलडायव्हर्स २' या गेमच्या वेळी आणखी एक गोष्ट दिसली. मे २०२४ मध्ये सोनीने संगणकावर खेळणाऱ्यांना प्लेस्टेशन खाते जोडणे सक्तीचे करण्याचे ठरवले, तर जगातल्या अनेक देशांत असे खाते उघडताच येत नव्हते. खेळाडूंनी संगणकावरील गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय दिले आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. तक्रार एका निश्चित निर्णयाबद्दल होती, म्हणून ती पोहोचली. 'कंपनी वाईट आहे' एवढेच लिहिले असते, तर कोणी बधले नसते. आणि कृपा करून समाजमाध्यमांवर उत्तरे देणाऱ्या कर्मचाऱ्यावर तुटून पडू नका. ज्याने निर्णय घेतला तो तिथे नसतो.

रानवाट

चौथीखिडकी, शेवटच्या सूचनेला पूर्ण पाठिंबा. त्यासाठीच माझी एक विनंती आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ५५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा व्यवहार जाहीर झाला. घेणारे सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी आणि सिल्व्हर लेक व अ‍ॅफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्या. यातले २० अब्ज कर्जाचे आहेत. या कर्जाचा निर्णय घेताना कोणत्याही स्टुडिओतील डिझायनरला विचारले गेलेले नाही, पण त्याचे हप्ते गेममधून येणाऱ्या पैशातूनच फेडले जाणार. कोणत्या स्टुडिओतून किती लोक कमी होतात, कोणते एकट्याने खेळायचे गेम गुंडाळले जातात आणि पॅकच्या विक्रीवर किती भर वाढतो, याच्या नोंदी मी इथे तारखेनिशी करत जाणार आहे. इतर प्रकाशकांबाबत ज्यांना खात्रीची माहिती असेल त्यांनी निर्णय, तो जाहीर करणारा आणि त्याचा परिणाम अशा क्रमाने लिहावी, म्हणजे पुढच्या वेळी दोष टेस्टरच्या माथी मारला गेला तर दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल.